ऑल-इनला कॉल केव्हा करावा?

प्रश्न : आमच्या पोकर स्पर्धेत चौघे उरले होते आणि बक्षिसे तिघांनाच होती : एकूण रकमेच्या ५०, ३० आणि २० टक्के. चौघांकडेही जवळपास सारख्याच चिप्स होत्या. एकाने ऑल-इन केले, म्हणजे आपल्या सगळ्या चिप्स पणाला लावल्या. माझ्याकडे वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा होते, म्हणून मी कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावल्या. त्याच्याकडे नव्वीची जोडी निघाली आणि मी बक्षिसाविना बाहेर पडलो. इतकी चांगली पाने टाकून द्यायला हवी होती का?

उत्तर : होय, टाकायला हवी होती, मात्र तुम्ही हरलात, हे त्याचे कारण नव्हे. नव्वीच्या जोडीपुढे एक्का-राजा सुमारे ४५ टक्के वेळा जिंकतात, त्यामुळे तो डाव तुमचाही होऊ शकला असता. कॉलचा निर्णय त्या क्षणी काय ठाऊक होते, यावरच तपासला पाहिजे.

ब्लाइंडच्या (डावाआधी दोघांनी सक्तीने लावायच्या) चिप्स बाजूला ठेवल्या, तर केवळ चिप्सच्या हिशेबाने निम्म्या वेळा जिंकणे पुरेसे ठरते. परंतु चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसातला वाटा दुप्पट होत नाही, आणि बहुतेक चुकीचे कॉल याच ठिकाणी होतात. चौघांच्या चिप्स समान असताना प्रत्येकाचा अपेक्षित वाटा २५ टक्के असतो. कॉल जिंकून निम्म्या चिप्स हाती आल्या, तरी उरलेल्या तिघांत तुमचा वाटा, चिप्सवरून बक्षिसातला वाटा काढणाऱ्या आयसीएम या रूढ गणितानुसार, सुमारे ३८ टक्क्यांवर थांबतो. हरलात तर शून्य. हातचे २५ पणाला लावून ३८ मिळवायचे, तर किमान ६५ टक्के वेळा जिंकावे लागते. आता हे पाहा : समोरच्याने पाने न बघताच ऑल-इन केले असते, तरी तुमचे एक्का-राजा जेमतेम ६५ टक्केच जिंकले असते. पाने पाहून खेळणाऱ्यासमोर ते तेवढेही जिंकत नाहीत. एक्क्यांची किंवा राजांची जोडी असती, तर मी निःशंकपणे कॉल केला असता. राणीच्या जोडीला मात्र समोरचा कितपत सैल, म्हणजे कमकुवत पानांवरही, खेळतो, हे आधी पाहिले असते.

याच पानांवर तुम्ही स्वतः आधी ऑल-इन केले असते, तर मी आक्षेप घेतला नसता, कारण तेव्हा बाकीच्यांनी फोल्ड केले (पाने टाकून दिली) तरी पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) तुमचाच होतो. कॉल करणाऱ्याला अशी संधी नसते. त्याला पाने उघडून जिंकावेच लागते.

बक्षिसे अजून दूर असतील, तेव्हा मात्र इतकी सावधगिरी नुकसान करते. समजा, ब्लाइंड ५०० आणि १,००० आहेत, अँटी (प्रत्येकाने डावाआधी लावायची छोटी रक्कम) नाही, तुम्ही बिग ब्लाइंडवर आहात, म्हणजे १,००० आधीच लावले आहेत, आणि बटनवरच्या (त्या डावात वाटप करणाऱ्याच्या जागेवरच्या) खेळाडूने ८,००० चिप्सचे ऑल-इन केल्यावर ५०० लावलेल्या स्मॉल ब्लाइंडने फोल्ड केले. पॉटमध्ये ९,५०० आहेत आणि तुम्हाला आणखी ७,००० घालायच्या आहेत, म्हणजे सुमारे ४२ टक्के वेळा जिंकणे पुरते. तो खेळाडू बटनवरून वारंवार ऑल-इन करणारा असेल, तर राजा-दश्शीवरही कॉल करावा.