रिपोर्टची वाट कधी बघायची

प्रिय डॉक्टर,

तुझा फोन ठेवल्यावर झोप लागेना, म्हणून लिहिते आहे. गर्भाशयाऐवजी गर्भनळीत गर्भ राहून नळी फुटलेली तुझी पेशंट वाचली, फार बरं वाटलं. पण नाडी १३०, पोट ताठलेलं, यूपीटी म्हणजे लघवीची गर्भचाचणी पॉझिटिव्ह. एवढं समोर असताना बीटा एचसीजीच्या, म्हणजे रक्तातल्या गर्भाच्या हार्मोनच्या, आकड्यासाठी ऑपरेशन न करता तू तासभर का थांबलीस?

१८८१ साली बर्मिंगहॅममध्ये अशाच एका बाईसाठी लॉसन टेट या सर्जनना एका डॉक्टरांनी सुचवलं होतं, पोट उघडा आणि फुटलेली नळी काढा. टेट धजले नाहीत. बाई गेली. शवविच्छेदनात त्यांनी पाहिलं, रक्तवाहिनी बांधली असती तर रक्तस्राव थांबला असता. ते त्यांच्या मनातून गेलं नाही. १८८३ मध्ये त्यांनी पोट उघडलंच. पहिली बाई दगावली, पुढची जगली.

थांबायची मुभा आपल्याला त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी मिळाली. १९७० च्या दशकात बीटा एचसीजी नेमकं मोजता येऊ लागलं, मग योनीमार्गे सोनोग्राफी आली आणि नळी फुटायच्या आत गर्भ दिसू लागला. १९८२ मध्ये जपानमध्ये तानाका यांनी अशा गर्भाची वाढ थांबवायला मेथोट्रेक्सेट हे औषध वापरलं. आज नळी शाबूत, बीटा कमी, गर्भाचे ठोके नाहीत, बाई स्थिर, तर इंजेक्शनवर भागतं. मात्र चौथ्या ते सातव्या दिवसात बीटा किमान १५ टक्के उतरायला हवं, आणि त्यासाठी ती परत यायला हवी. ऊसतोडीला निघालेल्या बाईला 'सातव्या दिवशी या' सांगून काय उपयोग? गाव किती लांब, रात्री गाडी मिळेल का, हे आधी विचार.

मी रेसिडेंट असताना एक बाई पोटदुखी घेऊन आली. "माझं ऑपरेशन झालंय," म्हणाली, म्हणजे नसबंदीचं, आणि मी यूपीटी केलीच नाही. ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं. पहाटे उचलून आणली, पांढरीफटक. नसबंदीनंतर गर्भ राहिलाच तर तो नळीत असण्याची शक्यता जास्त असते, हे मला पाठ होतं. तरी सुचलं नाही. ती वाचली, तिच्या नशिबाने.

मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या घेऊन रक्तस्राव होतोय म्हणणारीलाही 'गर्भपात होतोय' असं गृहीत धरू नकोस. पोटदुखीबरोबर खांदा दुखतो म्हणाली, तर पोटात रक्त आहे असंच समजून चाल.

आणि हो, कालच्या पेशंटचा रक्तगट बघितलास का? निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डी, म्हणजे पुढच्या गर्भाला जपणारं इंजेक्शन, द्यायचं आहे.

तुझी,
मॅडम