पोह्यांची बशी रिकामी ठेव

प्रिय पोरी,

तुझ्या स्किटचा व्हिडिओ दोनदा पाहिला. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा चिडलो. चौथं स्थळ येतं, पुन्हा पोह्यांची बशी पुढे येते, आणि नेमकं तिथे तुझं तुलाच हसू फुटतं. प्रेक्षक त्याच क्षणी हसायचे थांबलेत, नीट ऐक. आणि खरे पोहे कशाला आणलेस? तोंडात घास, त्यामुळे दोन वाक्यं कुणाला कळलीच नाहीत.

चेन पेइसी या चिनी विनोदी नटाचं नाव तू ऐकलं नसशील. चीनमध्ये मात्र जुन्या पिढीतल्या कुणालाही त्याचं टक्कल नुसतं दिसलं तरी पुरतं. १९८४ साली चिनी नववर्षाच्या रात्री सरकारी वाहिनीच्या मोठ्या कार्यक्रमात त्याने आणि त्याचा जोडीदार नट चू शिमाओ याने ‘नूडल्स खाणे’ नावाचं प्रहसन केलं. गोष्ट एवढीशी: एकाला सिनेमात काम हवंय. दिग्दर्शक म्हणतो, नूडल्स खायचा शॉट आहे, खा. पठ्ठ्या पहिल्या टेकला वाडगा असा साफ करतो की बघणाऱ्यालाही भूक लागावी. पण काहीतरी चुकतं, पुन्हा टेक. परत चुकतं, परत वाडगा भरायचा. पुढेपुढे घास गळ्याशी येतो, मान ताणून तो खाली ढकलावा लागतो, आणि शेवटी वाडग्याकडे बघणंही नको होतं. तरी ‘मला नको हे काम’ असं तो काही म्हणत नाही.

नूडल्स वाढायची बादली रिकामी होती बरं का. वाडगाही रिकामा. एक शेवई नव्हती स्टेजवर.

तुझ्यात आणि त्याच्यात फरक इथे आहे. त्या माणसाला ते काम मनापासून हवंय, आणि आपण विनोदी दिसतोय याची त्याला गंधवार्ता नाही. तुझ्या स्किटमधल्या मुलीला काय हवंय? लग्न मोडायला हवंय की जमायला? मला कळलं नाही, कारण तुलाच ठरवता आलेलं नाही. म्हणून मग तू चेहरे करतेस.

चेनला भूक नाटकाच्या शाळेत शिकवावी लागली नाही. जन्म १९५४ चा, माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळातलं पोरगं. शहरातल्या मुलांना श्रमासाठी पाठवत होते, तसा हाही उत्तर चीनमधल्या इनर मंगोलियात गेला. १९७३ मध्ये सैन्याच्या फिल्म स्टुडिओत नट म्हणून लागला तेव्हा कुठे ते संपलं. बाप चेन छियांग हा नामांकित खलनायक. त्याचा दुष्ट जमीनदार इतका खरा वाटायचा की प्रेक्षकांतल्या एका सैनिकाने नाटक चालू असताना त्याच्यावर बंदूक रोखली होती! अशा बापाने पुढे मुलाबरोबर विनोदी सिनेमे केले. (मुलांची नावं त्याने बुडापेस्ट शहरावरून ठेवली, थोरल्याचं ‘बुडा’, धाकट्याचं ‘पेस्ट’. पेइसी म्हणजे पेस्टच. आपल्याकडे कुणी असं केलं असतं तर आजीनेच नाव बदललं असतं.)

चेनच्या म्हणण्यानुसार विनोद उभा राहतो दोन माणसांच्या पायरीतल्या फरकावर. एक वर, एक खाली. खालच्याला वर यायचंय, आणि त्याची धडपड आपण बसल्या जागेवरून बघतो. १९९० च्या प्रहसनात त्याने हेच केलं. कायम फितुराचंच काम वाट्याला येणारा नट एकदाचा हट्टाने नायकाचे कपडे मिळवतो, रुबाबात उभाही राहतो, पण वागण्याबोलण्यातून फितूरच डोकावत राहतो. तो प्रसंग मिळाला तर बघ, भाषा येत नसली तरी चालेल.

आता तुझी तक्रार. कुणीतरी तुझी क्लिप उचलली, नाव खोडलं, आणि तुला ‘व्ह्यूज मिळाले ना’ म्हणून गप्प बसवलं. १९९९ मध्ये चेन आणि चू यांची प्रहसनं न विचारता डिस्कवर विकली जात होती, आणि विकणारी कंपनी त्या सरकारी वाहिनीचीच होती. लोकांनी समजावलं असेलच, पाण्यात राहून माशाशी वैर नको. दोघे कोर्टात गेले आणि जिंकले. त्यानंतर वर्षानुवर्षं चेन त्या नववर्षाच्या रात्री दिसला नाही. जिंकण्याची ही किंमत मी तुझ्यापासून लपवणार नाही.

पण मला त्याचं पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. दहा-पंधरा मिनिटांच्या प्रहसनावर देशभर नाव झालेला माणूस, ४५ पार झाल्यावर दोन-दोन तासांच्या नाटकांकडे वळला. २००१ पासून स्वतःच्या संस्थेतर्फे नाटकं उभी केली. ‘बाल्कनी’ मजुरांच्या थकलेल्या मजुरीवर आहे, आणि तरीही फार्स आहे. २०१५ च्या ‘रंगमंच’ मध्ये एक लष्करी सरदार नाटक कंपनीत घुसतो, मुख्य नटाऐवजी खाद्यपदार्थ पोचवायला आलेल्या पोराला राजा करायला लावतो, शेवटही बदलायला सांगतो. बिचारा कंपनीचा मालक! ती भूमिका चेननेच केली, आणि त्याच नाटकाचा सिनेमा त्याने २०२५ मध्ये स्वतः दिग्दर्शित केला, सत्तरी ओलांडल्यावर.

तू विचारलंस, रोज एक रील टाकू का. टाक की, हात चालता राहील. पण वर्षात एक तरी पूर्ण दीर्घांक लिहून काढ, ज्यात पहिल्या पाच मिनिटांनंतरही त्या मुलीला काहीतरी हवं असेल. आणि क्लिप उचलणाऱ्यांना आधी साधं, लेखी, तारीख घालून पत्र पाठव. फोनवर भांडू नकोस. रडशील आणि विषय बदलेल.

रविवारी अकराला तालमीच्या हॉलवर ये. बशी, चमचा, पाण्याचा तांब्या आण. पोहे आणू नकोस. चारही स्थळांचे पोहे तू मला रिकाम्या बशीतून खाऊन दाखवायचेस: पहिले गरम, दुसरे बरे, तिसरे गार, आणि चौथ्यांदा तर तुला मिरची लागायला हवी. मी पहिल्या रांगेत बसेन आणि हसणार नाही.

तुझा,
काका