हवामानाच्या मॉडेलमध्ये वर्षाची सरासरी पुरत नाही का? हिमयुगाचं कारण शोधायला ऋतू कशाला हवेत?

नाही पुरत, आणि त्यामागचं गणित मला फार सुंदर वाटतं.

सैबेरियातलं वर्खोयान्स्क घ्या. जानेवारीचं सरासरी तापमान उणे ४५ अंशांच्या आसपास, तरी तिथे हिमचादर नाही. जुलैची सरासरी १६ अंशांच्या घरात असते, आणि हिवाळ्यात साचलेला बर्फ सगळा वितळतो. बर्फाचाही जमाखर्च असतो: हिवाळ्यात जमा, उन्हाळ्यात खर्च. फार कडाक्याच्या थंडीत हवेत बाष्पच कमी, म्हणून जमाही बेताची. शिल्लक पडायची तर उन्हाळा थंड हवा. १९व्या शतकात हिमयुगाचं कारण शोधताना स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स क्रॉल यांनी हिवाळ्यावर भर दिला होता. पुढे हवामानशास्त्रज्ञ क्योपेन यांनी सर्बियन शास्त्रज्ञ मिलांकोविच यांचं लक्ष उन्हाळ्याकडे वळवलं, आणि मिलांकोविच यांनी ६५ अंश उत्तर अक्षांशावरच्या उन्हाचे लाखो वर्षांचे हिशेब कागदावर केले.

आता तुमची सरासरी. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्याला परांचन म्हणतात. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कोणत्या महिन्यात येते, हे त्यामुळे साधारण २१ हजार वर्षांच्या फेऱ्यात बदलतं. सध्या तो महिना जानेवारी आहे. पण जवळ असताना पृथ्वी वेगाने धावते, त्यामुळे तीव्र ऊन थोड्या दिवसांत उरकतं. कुठल्याही अक्षांशावर वर्षभराच्या उन्हाची बेरीज परांचनाने बदलतच नाही! सरासरीच्या मॉडेलला हा सगळा घटक दिसणारच नाही. १९७६ साली हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन या संशोधकांना समुद्रतळाच्या गाळात मात्र तो स्पष्ट सापडला, अक्षाच्या कलाच्या ४१ हजार वर्षांच्या चक्रासोबत.

मी स्वतः असं मॉडेल लिहिताना जमीन आणि समुद्र एकाच मापाने तापवले होते. उत्तरं पार बिघडली. समुद्राचा वरचा ५० मीटरचा थर ढवळून एकत्र तापतो, जमीन वरवरच तापते. म्हणून खंडांच्या आत ऋतू तीव्र होतात. जमीन आणि समुद्र तापायला किती उष्णता लागते, हे दोन आकडे वेगळे ठेवाच. बर्फाने परत फेकलेलं ऊनही धरा, आणि कार्बन डायऑक्साइडही: हिमयुगात दशलक्ष भागांत १८०च्या आसपास, उबदार काळात २८०. केवळ कक्षेच्या बदलांनी एवढी थंडी पडत नाही.

मॉडेल चालू लागलं की सूर्यसामीप्य, म्हणजे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असण्याची वेळ, जुलैत आणून पाहा. १० हजार वर्षांपूर्वी ते उत्तरेच्या उन्हाळ्यातच होतं, आणि आपला मोसमी पाऊस तेव्हा आजच्याहून जोरदार होता.