दिवस भरत आले, आता एरंडेल घ्यावे का?

प्रश्न : माझे वय २७ वर्षे असून हे माझे पहिलेच बाळंतपण आहे. त्यासाठी मी संगमेश्वरजवळच्या आमच्या गावी, माहेरी आले आहे. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला चार दिवस उरले आहेत, पण कळांचा पत्ता नाही. ४१ आठवडे पूर्ण झाले तर दवाखान्यात दाखल करून कळा आणू, असे डॉक्टर म्हणतात. सलाईन लावले की शेवटी सिझेरियनच होते, असे शेजारणी सांगतात. आई रात्री दुधातून एरंडेल घ्यायला सांगते, मावशी खजूर आणि जिऱ्याचा काढा सुचवते. आजीच्या आठवणीनुसार पूर्वी सुईण कळलावीचा कंद उगाळून बेंबीखाली लेप देत असे आणि ती वेल आमच्या कुंपणावर आत्ता फुललेलीच आहे. यांपैकी काय करावे?
– एक वाचक

उत्तर : आजीच्या उपायापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर एका शब्दात देता येते : नको. आजी मनचे काही सांगत नाहीत. कळा लावणारी म्हणून कळलावी, असा या नावाचा अर्थ सांगतात आणि आयुर्वेदाच्या ग्रंथांतही प्रसूतीसाठी लांगलीचा, म्हणजे याच वनस्पतीचा, लेप आढळतो. (घरात हे फूल आणले की भांडणे लागतात, असा त्याच नावाचा दुसरा अर्थही लोक लावतात.) परंतु या वेलीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन हे विष असते. ते पेशींचे विभाजनच थांबवते. पोटात गेल्यास काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि पुढे मूत्रपिंडे व अस्थिमज्जा निकामी होऊन जीवही जाऊ शकतो. कंद उगाळणाऱ्या हातानेच पुढे घरातली कामे होतात, हेही विसरू नये. फुले कुंपणावर शोभतात, तिथेच राहू द्यावीत.

एरंडेलाचे प्रकरण इतके सोपे नाही, कारण आईच्या सांगण्यात थोडे तथ्य आहे. एरंडेल आतड्यात गेल्यावर त्यातून रिसिनोलिक आम्ल सुटते आणि ते आतड्यातील ज्या ग्राहकांवर (म्हणजे पेशींवरच्या, ठरावीक रसायन चिकटले की कामाला लागणाऱ्या रेणूंवर) काम करून जुलाब घडवते, तेच ग्राहक गर्भाशयाच्या स्नायूंतही असतात, असे २०१२ मध्ये उंदरांवरील संशोधनात दिसून आले. तथापि, जुलाब खात्रीने होतात आणि कळा येतील की नाही हे सांगता येत नाही, अशी त्याची गत आहे. २०१३ च्या एका आढाव्यात ३ चाचण्यांतील २३३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. कळा सुरू होण्याबाबत ठोस निष्कर्ष निघाला नाही, मात्र तेल घेतलेल्या प्रत्येक स्त्रीला मळमळ झाली. रात्रभर शौचाला जाऊन शरीरातले पाणी कमी झालेल्या, झोप न झालेल्या स्त्रीला दुसऱ्या दिवशी खऱ्या कळा सुरू झाल्या, तर पहिलटकरणीला लागणारे बारा-पंधरा तास ती कोणत्या ताकदीवर काढणार? माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळाच आहे. सलाईनमधून दिलेले ऑक्सिटोसिन हे कळा आणणारे औषध थेंबाथेंबाने वाढवता येते, कळा फार जोराच्या येऊ लागल्यास बंद करता येते आणि मग काही मिनिटांतच त्याचा जोर ओसरू लागतो. गिळलेले एरंडेल परत काढता येत नाही आणि घरी बाळाचे ठोके ऐकायला कोणी नसते. आधी सिझेरियन झालेल्या स्त्रियांनी तर त्याच्या वाटेला मुळीच जाऊ नये, कारण जुन्या टाक्यांवर ताण येण्याचा धोका असतो. आयुर्वेदाचा हवाला देणाऱ्यांसाठी सांगते : चरकसंहितेने नवव्या महिन्यात मधुर औषधांनी सिद्ध केलेल्या तेलाची अनुवासन बस्ती (गुदमार्गाने दिलेले तेल) आणि पिचू (योनीत ठेवलेला तेलाचा बोळा) सांगितला आहे, जुलाब नव्हे; आणि तोही वैद्याच्या देखरेखीखाली.

मावशींचे खजूर खुशाल खा, मात्र मधुमेह असेल तर नको. जॉर्डनमधील २०११ च्या एका अभ्यासात शेवटचे ४ आठवडे रोज ६ खजूर खाणाऱ्या स्त्रियांमध्ये कळा आपोआप सुरू होण्याचे प्रमाण अधिक दिसले. पण तो अभ्यास लहान होता आणि कोणी खजूर खायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. शिवाय तुमच्याकडे चारच दिवस आहेत. जिऱ्याचे पाणी चवीपुरते घ्यायला हरकत नाही. त्याने कळा येत नाहीत.

आता तारखेविषयी. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढलेली ती अंदाजाची तारीख आहे; नेमकी त्याच दिवशी साधारण वीसपैकी एकच स्त्री बाळंत होते. ४१ आठवड्यांनंतर मात्र वार थकू लागण्याची आणि बाळाला धोका होण्याची शक्यता वाढत जाते, म्हणून तुमच्या डॉक्टरांचा बेत योग्य आहे. शेजारणींनी पाहिलेली उदाहरणे खरी असतील, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत, ६,१०६ पहिलटकरणींपैकी ज्यांना ३९ व्या आठवड्यात औषधाने कळा आणण्याच्या गटात ठेवले होते त्यांच्यात सिझेरियनचे प्रमाण १८.६ टक्के, तर वाट पाहणाऱ्यांच्या गटात २२.२ टक्के होते.

औषधाशिवायच काही करायचे असेल, तर पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारा की, गर्भाशयाचे तोंड थोडे उघडले असल्यास बोटाने पाणमोटीचा पडदा कडेने सुटा करता येईल का. त्यामुळे शरीरातीलच प्रोस्टाग्लँडिन ही कळा आणणारी द्रव्ये सुटतात आणि पुष्कळदा पुढच्या एक-दोन दिवसांत कळा सुरू होतात. थोडे दुखते आणि किंचित रक्त जाऊ शकते. तोवर बाळाच्या हालचालींवर लक्ष असू द्या. त्या मंदावल्या, पाणमोट फुटली, पाणी हिरवट आले, अंगावरून रक्त जास्त गेले किंवा डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. पावसाळ्यात रात्रीच्या वेळी गावातून कोणाची गाडी मिळेल, हे आजच विचारून ठेवा.