गाडी नसेल तर रत्नागिरीत बाजार आणि खाणं पायी फिरता येतं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं नवरा-बायको रेल्वेने येताय, 3 दिवस आहेत, गाडी चालवता येत नाही, समुद्रापेक्षा बाजार बघण्यात आणि खाण्यात जास्त रस आहे, आणि ज्याला विचारलं तो म्हणतो "रत्नागिरीत गाडीशिवाय काही खरं नाही". तर मी इथलाच, आणि मी सांगतो जमतं, फक्त कुठून कुठे चालायचं ते कळलं पाहिजे.

आधी हे सांगतो की लोक तसं का म्हणतात. आमच्याकडे घरटी एक तरी टू-व्हीलर आहे आणि कोपऱ्यावरून दूध आणायलाही ती निघते. मी पण त्यातलाच होतो. मागे मनगट फ्रॅक्चर झालं, दीड महिना गाडीला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि जन्म गेला त्या गावात मी पहिल्यांदा नीट चाललो. त्या दीड महिन्यात जे कळलं तेच खाली लिहितोय.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रत्नागिरी उतारावर वसलंय. आम्ही बोलताना पण "वर मारुती मंदिरला" आणि "खाली बाजारात" असंच म्हणतो. मारुती मंदिर, माळनाका, जयस्तंभ, एसटी स्टँड, मग राम आळी, गोखले नाका आणि शेवटी मांडवीचा समुद्र, ही साधारण एकच ओळ आहे आणि तुम्हाला हवं ते बहुतेक सगळं त्या ओळीवर किंवा तिच्या आजूबाजूच्या आळ्यांमध्ये आहे. म्हणून वरून सुरू करा आणि उतरत उतरत समुद्राकडे जा. उलटं केलंत तर दुपारच्या दमट हवेत चढ चढताना वैतागून जाल आणि मग तुम्ही पण म्हणाल गाडीच पाहिजे.

मारुती मंदिर ते जयस्तंभ हा भाग खरं तर चालणाऱ्यांसाठी नाहीच असं वाटतं, रस्ता मोठा, ट्रॅफिक भरपूर, फुटपाथवर बाईक लावलेल्या, मध्येच गटाराचं झाकण नाही, मला ह्याचा मनापासून राग येतो कारण म्हाताऱ्या माणसांना रस्त्यात उतरून चालावं लागतं. अर्ध्या तासाचं अंतर आहे, कंटाळा आला तर रिक्षा करा. पण संध्याकाळी मारुती मंदिरला, शिवाजी स्टेडियमच्या आसपास, खायच्या गाड्या लागतात तेव्हा तिथे पायीच फिरा. माळनाक्याकडून थिबा पॅलेसकडे वळता येतं, ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलं, पुढच्या वर्षी इकडे आणलं आणि 1916 मध्ये तो इथेच वारला, तो राजवाडा. जयस्तंभाजवळ नगर वाचनालय आहे, 1828 सालचं, वाचायची आवड असेल तर डोकावा.

खरी मजा एसटी स्टँडच्या पुढे. राम आळी, गोखले नाका, धनजी नाका, टिळक आळी हा सगळा भाग गाड्या यायच्या आधीचा आहे, आळ्या अरुंद, दुकानं एकमेकांना चिकटून. इथे कारवाला पार्किंग शोधत फेऱ्या मारत बसतो आणि तुमची तेवढ्या वेळात 4 दुकानं बघून होतात. टिळकांचं जन्मघर टिळक आळीत, भागोजीशेठ कीरांनी पैसा दिला आणि सावरकरांच्या पुढाकाराने 1931 मध्ये सगळ्या जातींना खुलं झालं ते पतितपावन मंदिरही इथून चालत जाण्यासारखं. मुद्दाम वेगळी ट्रिप काढायची गरज नाही, खरेदी करता करता होऊन जातं.

खरेदीत एक गोष्ट नीट ऐका. बाहेरचे लोक कोकम सरबताची बाटली नेतात आणि घरी जाऊन त्याची सोलकढी करायला बघतात, ती गोड होते आणि मग म्हणतात कोकणातल्यासारखी चव नाही आली. सोलकढीला आगळ लागतं, म्हणजे बिनसाखरेचा, मीठ घातलेला कोकमाचा रस. दुकानात "आगळ द्या" असंच म्हणा. आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ हे पण इथूनच घ्या, योजक हा कोकणी पदार्थांचा ब्रँड रत्नागिरीचाच आहे, पण छोट्या दुकानातलं घरगुती पण बघा, चव घ्यायला देतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला येत असाल तर रस्त्याकडेला बायका ओले काजूगर घेऊन बसतात, ते चालणाऱ्यालाच दिसतात, गाडीतून निसटून जातात. आंबा एप्रिल-मे मध्ये घ्या, आणि घेताना देठापाशी वास घेऊन बघा, कारण हापूस म्हणून बाहेरचा आंबा पण विकला जातो. सुकी मच्छी, म्हणजे सोडे, जवळा वगैरे, एकदम शेवटच्या दिवशी आणि 2-3 पिशव्यांत बांधून, नाहीतर ट्रेनमध्ये आख्खा डबा तुमच्याकडे बघेल.

वेळ पण सांभाळा. दुपारी 1 ते 4 आळ्यांमधली बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा उन्हात भटकू नका, मासे खायला बसा. मेनू कार्ड बाजूला ठेवून "आज ताजं काय आहे?" विचारा, बांगडा ताजा असेल तर महागड्या पापलेटच्या मागे लागू नका, हे मी खात्रीने सांगतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा याल तर माशांची अपेक्षा कमी ठेवा, त्याऐवजी घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि कुळथाची पिठी असं शोधा. संध्याकाळी 5 च्या सुमारास गोखले नाक्यावरून मांडवीकडे निघा, 15-20 मिनिटांत जेटीवर पोचता, तिथे भेळ खात सूर्यास्त बघा.

आता पायी कुठे जायचं नाही ते. स्टेशन गावापासून 5-6 किलोमीटर लांब आहे, तिथून रिक्षा किंवा एसटीच, रिक्षात बसायच्या आधी भाडं ठरवून घ्या. रत्नदुर्ग किल्ला आणि भाट्याचा बीच पण रिक्षानेच, अंतर फार नाही पण त्या रस्त्यांवर गाड्या जोरात असतात आणि सावली नाही.

राहायचं मात्र जयस्तंभ किंवा एसटी स्टँडच्या आसपास बघा, हायवेच्या बाजूला स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका, तिथून दर वेळी रिक्षाला पैसे जातील. आणि मांडवीहून परत येताना हातात पिशव्या असतील, समोर चढ असेल, तेव्हा हट्ट करू नका, सरळ रिक्षाला हात करा.