डोनाल्ड स्टर्लिंगला केवळ खासगी बोलण्यावरून बास्केटबॉल संघ सोडावा लागला, हा अन्याय नाही का?

अन्याय झालाच, पण तो स्टर्लिंगवर नाही.

लॉस एंजेलिसच्या क्लिपर्स या बास्केटबॉल संघाच्या या मालकाच्या खासगी बोलण्याची एप्रिल २०१४ मध्ये बाहेर आलेली टेप सगळ्यांना पाठ आहे. नामांकित काळा बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनबरोबरचा मैत्रिणीचा फोटो त्याला खुपला आणि काळ्या लोकांना माझ्या सामन्यांना आणू नकोस, असं त्याने तिला सुनावलं. पण लॉस एंजेलिसमध्ये भाड्याच्या घरात राहणारे त्याला फार आधीपासून ओळखत होते. क्लिपर्सचा मालक ही त्याची हौस. धंदा भाड्याच्या इमारतींचा. २००६ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने त्याच्यावर खटला भरला. आरोप असा, की कोरियाटाउनमध्ये कोरियन सोडून इतरांना, बेव्हर्ली हिल्समध्ये काळ्यांना, शिवाय लेकुरवाळ्या कुटुंबांनाही तो घर नाकारतो. २००९ मध्ये सुमारे २७ लाख डॉलर भरून त्याने ते मिटवलं. एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने, तेव्हा त्याला हातही लावला नाही.

मी चिडून लिहितोय, कारण त्याच काळात मी त्या शहरात भाडेकरू होतो. आमच्या इमारतीचा मालक दुसराच कोणी. खालच्या मजल्यावरचं दोन बेडरूमचं घर रिकामं झालं, फाटकावर पाटी लागली. ऑफिसमधल्या माझ्या काळ्या सहकाऱ्याला मी कळवलं. पगार माझ्याहून जास्त, कधी कसलीही भानगड नाही. शनिवारी तो बायको-मुलीला घेऊन आला. मॅनेजरने हसून स्वागत केलं, मुलीच्या हातात चॉकलेट ठेवलं आणि म्हणाला, "अरेरे, आज सकाळीच गेलं हो. पाटी काढायची राहून गेली." सोमवारी पाटी तिथेच. माझ्या बायकोने मावसबहिणीसाठी म्हणून फोन लावला. "आहे ना रिकामं, संध्याकाळी या. इंडियन का? तुमचे लोक भाडं वेळेवर देतात."

ना शिवी, ना चढा आवाज. हे सगळं रेकॉर्ड केलं असतं तरी त्या टेपवर काय सापडलं असतं? सारख्या पगाराचे दोघे एकाच घराची चौकशी करायला पाठवले, तरच असली लबाडी उघडी पडते. घरभाड्यातला भेदभाव शोधणाऱ्या संस्था नेमकं तेच करतात. मित्राने तक्रार केली नाही. मुलीची शाळा सुरू व्हायच्या आत त्याला घर हवं होतं. मिळालं ते ऑफिसपासून खूप लांब.

स्टर्लिंगचं प्रकरण पेटलं तेव्हा सॅन होजेचा माझा साडू जेवता जेवता म्हणाला, "चोरून रेकॉर्ड करणं कॅलिफोर्नियात गुन्हा आहे. खासगीत माणूस काहीही बोलेल. संघ त्याचा, घरं त्याची." हात वाळेपर्यंत आम्ही भांडलो.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. एनबीए म्हणजे कोर्ट नव्हे. संघमालकांची संघटना आहे, तिची नियमावली मान्य करूनच माणूस मालक होतो. २७ एप्रिलला ओकलंडमध्ये प्लेऑफच्या (हंगामअखेरच्या विजेतेपदाच्या फेऱ्यांमधल्या) सामन्याआधी क्लिपर्सच्या खेळाडूंनी वरची जॅकेटं मैदानाच्या मधोमध टाकली आणि संघाचं नाव दिसू नये म्हणून आतले शर्ट उलटे घालून सराव केला. प्रायोजक पटापट निघून गेले. २९ तारखेला आयुक्त अॅडम सिल्व्हरने आजन्म बंदी घातली आणि २५ लाख डॉलर दंड केला, नियमात बसणारा सर्वांत मोठा. त्याला काढायला तीन चतुर्थांश मालकांची मतं लागली असती, पण ती वेळच आली नाही. बायको शेलीने संघ विकायचा सौदा केला, कोर्टाने तो मान्य केला आणि ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचा माजी प्रमुख स्टीव्ह बाल्मरने २ अब्ज डॉलर मोजले. स्टर्लिंगने हा संघ १९८१ मध्ये सव्वा कोटी डॉलरला घेतला होता. याला शिक्षा म्हणायची? घरं नाकारली तेव्हा सगळे गप्प होते, प्रायोजक पळाले तेव्हा लीगला जाग आली. माझा राग त्यावर आहे.

एक सांगायला हवं, २००९ ची तडजोड आरोप कबूल न करता झाली होती. क्लिपर्सचा माजी जनरल मॅनेजर एल्जिन बेलरने लावलेल्या भेदभावाच्या दाव्यातही २०११ मध्ये ज्युरीने स्टर्लिंगच्या बाजूने निकाल दिला. आणि चोरून केलेल्या रेकॉर्डिंगबद्दल साडूचं म्हणणं कायद्याला धरून आहे, तेवढं मी मानतो.

"घरं त्याची" हे मात्र कधीच मानणार नाही. साडूचे बाणेरला दोन फ्लॅट आहेत आणि कुठली आडनावं चालणार नाहीत हे त्याने एजंटला सांगून ठेवलंय. तुमचंही घर भाड्याने द्यायचं असेल तर पगाराची स्लिप बघा, आधीच्या घरमालकाला फोन करा, पोलीस व्हेरिफिकेशन करा, करार रजिस्टर करा. भाडं बुडवणारा माणूस त्यात कळतो, आडनावात नाही. साडूचं भाडं बुडवून गेला तो त्याने स्वतः आडनाव बघून पसंत केलेला भाडेकरू होता.