जँगोमध्ये (पायथॉन भाषेतील वेब-फ्रेमवर्कमध्ये) नोंदींचा क्रम लावताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (रत्नागिरी) : आंब्याच्या ऑर्डरी तारखेनुसार लावूनही एकच ऑर्डर दोन पानांवर दिसते आणि एखादी कुठेच सापडत नाही. असे का होते?

उत्तर : तुमचे ऑर्डर_बाय('-तारीख'), म्हणजे नव्या तारखेची नोंद आधी लावण्याची सूचना, बरोबर आहे, पण अपुरे आहे. हंगामात एकाच दिवशी पुष्कळ ऑर्डरी येतात, आणि तारीख सारखी असलेल्या नोंदी आपसांत कोणत्या क्रमाने द्याव्यात, याचे कोणतेही बंधन डेटाबेसवर नसते. प्रत्येक पान ही डेटाबेसकडे केलेली स्वतंत्र मागणी (क्वेरी) असल्यामुळे दोन पानांच्या सीमेवरची नोंद एकदा अलीकडे, तर एकदा पलीकडे पडू शकते. म्हणून शेवटी ज्याचे मूल्य कधीच दोनदा येत नाही असा रकाना जोडावा : ऑर्डर_बाय('-तारीख', '-आयडी'). मात्र दोन्ही रकाने एकाच कंसात लिहावेत. ऑर्डर_बाय दोनदा लावल्यास नंतरचे आधीचा क्रम पुसून टाकते, आणि हे फार जणांच्या नजरेतून सुटते.

प्रश्न (मालवण) : भाड्याचा रकाना रिकामा असलेल्या होमस्टेच्या खोल्या माझ्या संगणकावर यादीच्या आरंभी येतात, सर्व्हरवर शेवटी. कोड तोच आहे.

उत्तर : तुमच्या संगणकावर एसक्यूलाइट आणि सर्व्हरवर पोस्टग्रेस असे दोन वेगळे डेटाबेस असावेत. चढत्या क्रमात एसक्यूलाइट रिकामी मूल्ये आधी ठेवते, पोस्टग्रेस नंतर. ऑर्डर_बायमध्ये एफ('भाडे').एएससी(नल्स_लास्ट=ट्रू), म्हणजे रिकामी मूल्ये शेवटी, असे स्पष्ट लिहिले की दोन्हीकडे एकच यादी मिळेल.

प्रश्न (दापोली) : पोस्टग्रेसमधील गावांच्या यादीत वेळास हे वेसवीच्या आधी येते. आमच्या शाळेतल्या वर्णमालेत तर ळ शेवटाकडे आहे.

उत्तर : तुमचा आग्रह रास्त आहे, आणि तो सोडू नये. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाने अक्षरांना दिलेल्या क्रमांकांच्या यादीत, ळ हा ल आणि व यांच्यामध्ये आहे, आणि कोलेशन (अक्षरे लावण्याचा नियम) 'सी' असेल तर अक्षरांची तुलना याच क्रमांकांनी होते. मराठी वर्णमालेत मात्र ळ हा ह नंतर येतो, त्यामुळे वेसवी आधी हवे. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० पासून आयसीयू या भाषाविषयक लायब्ररीतील कोलेशने वापरता येतात. त्यांतील मराठीचे 'एमआर-एक्स-आयसीयू' निवडावे आणि याच दोन गावांवर पडताळून पाहावे. एखाद्याच क्वेरीपुरते हवे असेल, तर जँगो ३.२ पासून मिळणारे कोलेट फंक्शन ऑर्डर_बायमध्ये वापरावे. तथापि, गावांची यादी रोज उघडली जात असेल, तर डीबी_कोलेशन थेट त्या रकान्यालाच द्यावे, म्हणजे त्यावरचा इंडेक्सही (आधीच लावून ठेवलेली सूची) त्याच क्रमाने तयार होईल आणि प्रत्येक वेळी सगळी नावे नव्याने लावत बसावे लागणार नाही.